ढाल मंडळाची, गुडघा पोराचा

होतकरू खेळाडूंच्या आईवडिलांसाठी आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी

दिवाळी सरली आणि कापसाच्या वेचणीला वेग आला की खान्देशात कबड्डीचे दिवस सुरू होतात. जळगाव-अजिंठा रस्त्यावरचे पहूर हे तसे चौरस्त्याचे गाव. एका अंगाला जामनेर, दुसऱ्या अंगाला शेंदुर्णी-पाचोरा. पेठ आणि कसबे असे गावाचे दोन भाग आणि जवळून वाहणारी वाघूर नदी. अशा गावात संध्याकाळी शाळेच्या पटांगणात, एखाद्या मोकळ्या वावरात किंवा समाजमंदिरापुढच्या जागेत चुन्याच्या फक्कीने मैदान आखले जाते. दिवसभर राबलेली माणसे कडेला उकिडवी बसतात. सदरे काढून पोरे मैदानात उतरतात, शिट्टी वाजते आणि कबड्डीचा दम घुमू लागतो.

हे चित्र कुणाला आवडणार नाही? पोरे मोबाईल खाली ठेवून मातीत उतरली आहेत, गुटख्याच्या पुडीपासून दूर आहेत, थोरांचे ऐकत आहेत. मंडळाच्या कपाटात ढाली आणि चषक वाढत आहेत. भीमजयंतीच्या सामन्यांत आपल्या वस्तीचा संघ अंतिम फेरीला गेला की म्हाताऱ्या माणसांच्याही छात्या फुगतात.

पण या चित्राला दुसरी बाजू आहे. सामना संपून दिवे मालवल्यावर ती घरात दिसते. तिच्याविषयी मंडळाच्या बैठकीत कुणी बोलत नाही, म्हणून आज येथे थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे.

दारातले बोलणे

पुढील संवाद कुणा एका घरचा नाही. पुष्कळ घरांत जे बोलले जाते ते एकत्र मांडले आहे, एवढेच. मुलगा नववीत शिकतो. उद्या निवड चाचणी आहे आणि त्याचे वजन गटाच्या मर्यादेपेक्षा दीड किलो जास्त भरते आहे. मंडळाचा दादा दारात उभा आहे.

"मावशी, आज रात्री याला जेवू घालू नका. पाणीसुद्धा घोटभरच द्या."

"का रे भाऊ? दिवसभर उन्हात पळून आलंय ते."

"वजन जास्त भरलं तर उद्या काट्यावरूनच परत पाठवतील. एका रात्रीनं काय होतंय?"

"अन् परवा त्याचा पेपर आहे, त्याचं काय?"

"पेपर दर वर्षी असतो मावशी. निवड दर वर्षी होत नाही. वस्तीचं नाव आहे, तुम्ही अडवू नका."

आई गप्प बसते. तिला पटलेले नसते, पण वस्तीच्या नावापुढे आपला शब्द लहान आहे असे तिला वाटते. मुलगा तर आधीच उपाशी राहायला तयार असतो. त्याला दादाच्या नजरेत उतरावयाचे नसते.

यातला दादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. तो स्वतःच्या खिशातून पोरांना केळी आणतो, एस.टी.चे भाडे भरतो, पहाटे पाचला दार ठोठावून सगळ्यांना धावायला नेतो. त्याला पगार नाही, मानधन नाही. त्याची तळमळ खरी आहे. परंतु तळमळ खरी असली म्हणून प्रत्येक सल्ला बरोबर ठरत नाही.

शिवण्याचा खेळ

आपल्या वस्त्यांत कबड्डी इतकी का रुजली, याचा विचार केला पाहिजे. या खेळाला बॅट नको, चेंडू नको, बूट नकोत. सात खेळणारे आणि एक मोकळी जागा एवढे भांडवल पुरते. पण त्यापेक्षा मोठे कारण खेळाच्या नियमातच आहे. कबड्डीत समोरच्याला शिवावे लागते, धरावे लागते, अंगाला अंग भिडवून मातीत लोळावे लागते. ज्या समाजाला गावाने पिढ्यान् पिढ्या शिवू दिले नाही, त्या समाजाची पोरे मैदानात उतरून ज्याला त्याला शिवतात आणि पंच त्याचा गुण देतो! आमच्या वाडवडिलांना हे नवल वाटले असेल, यात शंका नाही.

खेळाचे मैदान मात्र आपोआप समतेचे होत नाही. पळवणकर बाळू यांची गोष्ट आपण मुलांना सांगितलीच पाहिजे. चर्मकार समाजातला हा तरुण पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर मैदानाची कामे करीत असे. जाळ्यात साहेबांना चेंडू टाकता टाकता तो मोठा फिरकी गोलंदाज झाला. हिंदूंच्या संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, म्हणून त्याला संघात घेतले. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हाताळीत. पण चहाच्या वेळी तो मंडपाबाहेर, आणि त्याचा चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात! १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली त्यांना संघातूनच वगळले तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायचे नाकारले. पुढे १९२३ साली विठ्ठल त्या संघाचे कर्णधार झाले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले आणि बाबासाहेब निवडून आले, तो इतिहास वेगळा. पण बाळूंची गोलंदाजी आणि त्यांचा झालेला अपमान ही दोन्ही खरी आहेत.

ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण एवढेच की, संघाला खेळाडूची बोटे हवी असतात, खेळाडू हवा असतोच असे नाही. हे सवर्णांच्या क्लबात घडले तेव्हा आपण त्याला अन्याय म्हटले, आणि बरोबर म्हटले. मग आपल्याच मंडळात, आपल्याच पोराच्या बाबतीत आपण तसे वागत नाही ना, हेही पाहिले पाहिजे. त्याची चढाई हवी, पण त्याच्या नापास झालेल्या वर्षाची, त्याच्या दुखऱ्या पायाची चौकशी नको, असे तर होत नाही ना?

२०१४ नंतर

पूर्वी कबड्डी खेळून घर चालत नाही हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून अपेक्षाही मापात होत्या. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हिशोब बदलला. मातीतला खेळ मॅटवर आणि टी.व्ही.वर आला. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत या चढाईपटूवर अडीच कोटी रुपयांहून अधिक बोली लागली. ही बातमी वाचून प्रत्येक बापाला आपल्या पोरात पवन दिसू लागला तर त्याला दोष कसा द्यावा?

परंतु आकडा पुरता मांडून पाहू. या लीगमध्ये १२ संघ आहेत. एका संघात फार तर २५ खेळाडू धरले तरी एकूण ३०० होतात. त्यांत परदेशी खेळाडू आहेत, आणि हरियाणापासून तामिळनाडूपर्यंत साऱ्या देशातले खेळाडू आहेत. दुसरीकडे महाराष्ट्राच्या एकेका जिल्ह्यात मंडळे किती आणि त्यांत खेळणारी पोरे किती, हे वाचकांनीच मोजावे. लॉटरीचे तिकीट एखाद्याने गंमत म्हणून घ्यावे. त्यासाठी घरातली एकुलती एक शेळी विकू नये.

दुसरी आशा सरकारी नोकरीची. महाराष्ट्रात शासकीय नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ही चांगली तरतूद आहे आणि आपल्या मुलांनी तिचा लाभ जरूर घ्यावा. पण तिच्यातल्या चार गोष्टी मंडळात कुणी समजावून सांगत नाही.

पहिली गोष्ट, हे समांतर आरक्षण आहे. म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांमध्येच खेळाडूंचा वाटा असतो. दुसरी, कोणत्याही ढालीचे प्रमाणपत्र चालत नाही. ठरवून दिलेल्या पातळीच्या, मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतले प्रावीण्य लागते. गावोगावच्या रात्रीच्या सामन्यांत मिळालेली वीस प्रमाणपत्रे येथे कामाची नाहीत. तिसरी, प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीला आल्यापासून या पडताळणीला फारच महत्त्व आले आहे. कुणी पैसे घेऊन प्रमाणपत्र 'करून देतो' म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या पदाला जे शिक्षण लागते ते खेळाडूलाही लागतेच. दहावी नापास मुलाच्या हातात राज्य स्पर्धेचे पदक असले तरी बारावी पासच्या जागेवर त्याला कुणी बसवू शकत नाही.

दहावी-बारावीला ठराविक पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्याला क्रीडा सवलतीचे वाढीव गुणही मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत वेळेत प्रस्ताव जावा लागतो. पण तेथेही मूळ परीक्षेला बसावे लागतेच ना? म्हणजे कोणत्याही बाजूने गेलो तरी वाट शाळेच्या दारातूनच जाते. खेळासाठी शाळा सोडणारा मुलगा खेळातून मिळणारी नोकरीही सोडीत असतो.

वजनाचा काटा

किशोर आणि कुमार गटांना वयाची तशीच वजनाचीही मर्यादा असते. मोठ्या अंगाच्या मुलाने लहान अंगाच्या मुलाला दाबू नये, हा त्यामागचा हेतू. नियम मुलांच्या रक्षणासाठी केला आणि आपण त्याच नियमासाठी मुलांना उपाशी ठेवू लागलो! चाचणीच्या आदल्या दिवशी जेवण बंद, पाणी बंद, अंगात दोन-दोन स्वेटर घालून धावणे, कुठे जुलाबाच्या गोळ्या. असे 'वजन काढणे' मैदानावर नेहमीचे होऊन बसले आहे.

एका रात्रीत उतरते ते वजन चरबीचे नसते, ते अंगातले पाणी असते. पाणी कमी झाले की रक्त घट्ट होते, हृदयाला जास्त काम पडते, पायात गोळे येतात, चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण येतो. घाम येणे थांबले की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. आपल्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा हवेत तहानलेल्या पोराला पळविणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण देणे होय.

हे घाबरविण्यासाठी लिहीत नाही. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, सव्वा महिन्याच्या आत, महाविद्यालयात शिकणारे तीन कुस्तीगीर असे वजन काढताना मरण पावले. तेथे प्रशिक्षक होते, दवाखाने होते, तरीही. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत घाम काढण्याचे प्लॅस्टिकचे कपडे आणि तापवलेल्या खोल्या यांवर बंदी आली. आणि २०२४ चे पॅरिस ऑलिंपिक तर आपण सर्वांनीच पाहिले. विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली, रात्रभर पळाली, केससुद्धा कापले, आणि शेवटी १०० ग्रॅमने बाद झाली. तिच्यामागे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ उभे होते. आपल्या नववीतल्या पोरामागे कोण उभे असते?

वाढत्या वयाच्या मुलाचे वजन वाढणे हा गुन्हा नाही. तो वाढतो आहे याची ती खूण आहे. गट ओलांडला तर वरच्या गटात खेळवावे. वर्षभर राखीव बसला तरी चालेल, पण काट्यासाठी त्याचे ताट काढून घेऊ नये.

गुडघा

मुंबई-पुण्याकडे मॅट आली, तरी गावोगावी अजून मातीच आहे, आणि तीही बहुधा कडक. रोवलेल्या पायावर शरीर एकदम वळले, किंवा कोपऱ्यावरच्या खेळाडूने घोटा धरून ठेवला आणि बाकीचे अंग पुढे गेले, की गुडघ्यातला अस्थिबंध तुटू शकतो. 'कट्' असा आवाज येतो, तासाभरात गुडघा सुजतो, पुढे चालताना पाय आतून सटकल्यासारखा वाटतो. मुलींमध्ये अशा दुखापतीचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असते. शस्त्रक्रिया करावी लागली तर पुन्हा मैदानात उतरायला नऊ महिने ते वर्ष जाते. तोही सारा काळ व्यायाम नीट केला तर!

आपल्याकडे होते काय? कुणीतरी जाणता माणूस गुडघा चोळून देतो. पट्टी बांधून, गोळी देऊन पोराला दुसऱ्या सामन्यात उतरवितात, कारण अंतिम फेरी असते. ताज्या दुखापतीला चोळणे हा उपचार नाही, त्याने सूज वाढते. खेळ थांबवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा, पट्टी बांधून पाय उंचावर ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. दुखापत झालेल्या पोराने त्या दिवशी पुन्हा खेळावयाचे नाही, हा नियम मंडळाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

तेरा ते सोळा हे वय हाडे झपाट्याने वाढण्याचे. या वयात रोज तेच खेळणे, त्याच उड्या, त्याच पकडी यांनी वाटीखालचे हाड दुखू लागते. पोरगा सांगत नाही, कारण सांगितले तर संघातून नाव जाईल. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की, मुलांना आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यावी, आणि वर्षातून सगळे मिळून तीन महिने तरी त्या खेळापासून सुट्टी द्यावी. लहानपणीच एकाच खेळाला जुंपले तर दुखापती वाढतात आणि मन विटते, असेही तेथील डॉक्टर सांगतात. आपल्याकडे हे तीन महिने शोधायला लांब जावे लागत नाही. डिसेंबर ते मार्च हे शाळेच्या परीक्षांचे महिने आहेतच.

ताटात काय आहे?

खो-खोपटू सारिका काळे हिचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ही मुलगी भारतीय संघाची कर्णधार झाली आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुरस्कार मिळाल्यावर तिने जे सांगितले ते आपण लक्षात ठेवावे. सुमारे दहा वर्षे घरच्या गरिबीमुळे तिला दिवसातून एकदाच जेवायला मिळत असे. मध्यंतरी घरच्या ओढाताणीने ती इतकी खचली की खेळ सोडायला निघाली होती. प्रशिक्षकाने समजूत घातली आणि ती परत मैदानात आली. पुढे ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली.

अशी गोष्ट ऐकली की आपण टाळ्या वाजवतो आणि पोरांना म्हणतो, "बघा, उपाशी राहून ती कुठे पोहोचली!" हा अर्थ चुकीचा आहे. ती उपाशी असूनही पोहोचली. उपासमारीने जी गळाली त्यांची नावे वर्तमानपत्रात आली नाहीत. मुलाला रोज दोन तास पळवायचे असेल तर त्याला डाळ, अंडी, शेंगदाणे, केळी, दूध यांपैकी काही रोज जास्तीचे मिळाले पाहिजे. ज्या मंडळाला चषकासाठी वर्गणी जमवता येते त्याला भिजवलेले हरभरे आणि अंडी यांसाठीही जमवता येईल.

जन्मतारीख आणि मुली

वय कमी दाखविणे हा आणखी एक रोग. सोळा वर्षांच्या गटात अठरा वर्षांचा मुलगा घातला की ढाल मिळते. पण ती मिळते तेव्हा खऱ्या सोळा वर्षांच्या कुणाची तरी जागा गेलेली असते. खेळातल्या वयचोरीविरुद्ध केंद्र सरकारने २०१० साली संहिता केली आहे. पकडला गेला तर खेळाडूवर बंदी येते, आणि शाळेचा दाखला एक व आधार कार्ड दुसरे अशी गाठ पुढे नोकरीच्या वेळी गळ्याला बसते. दादा तोवर कुठेतरी दुसऱ्या संघाला शिकवीत असतो.

मुलींचा प्रश्न तर वेगळाच मांडला पाहिजे. आज मुलींची कबड्डी आणि खो-खो जोरात आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी तो जिंकला आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. पण खेड्यातल्या मुलीपुढचे अडथळे मुलापेक्षा दुप्पट. सरावाहून अंधारात परत यायचे, बाहेरगावी मुक्काम, कपडे बदलायला जागा नाही, पाळीच्या दिवसांत कुणाला सांगायचे हा संकोच, आणि घरी लग्नाची घाई. मुलींचा संघ बाहेर नेताना सोबत जबाबदार बाई असलीच पाहिजे. राहण्याची जागा कुठे, परत कधी, फोन कुणाचा, हे आईवडिलांना आधी कळले पाहिजे. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे. मंडळाची बदनामी होईल म्हणून अशी तक्रार दाबणारा माणूस मंडळाचा हितचिंतक नव्हे.

कार्यकर्त्यांचे म्हणणे

यावर मंडळांचे कार्यकर्ते काय म्हणतील ते ठाऊक आहे, आणि त्यात तथ्यही आहे. ते म्हणतील, "कडक राहिल्याशिवाय खेळाडू घडत नाही. जळगावच्या जिल्हा क्रीडा संकुलापर्यंत जायला इथून एस.टी.ने तासाच्या वर लागतो. शहरातल्या पोरांना सारे घराजवळ मिळते. आमच्या पोरांकडे जिद्दीशिवाय दुसरे काय आहे? तुम्ही जिद्दच कमी करायला सांगता!"

जिद्द कमी करा असे कुणी म्हणत नाही. प्रश्न आहे तो जिद्द कुठे खर्च करायची याचा. नॉर्वे या देशाचे उदाहरण घ्या. तेथील क्रीडा संघटनांनी १९८७ साली मुलांच्या खेळाचे नियम केले आणि २००७ साली ते सुधारून मुलांचे खेळातले हक्कच लिहून काढले. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत गुणांचे तक्ते लावायचे नाहीत. तेरा वर्षांखालच्या मुलांना राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा नाहीत. कोणता खेळ किती खेळायचा, यात मुलाचे मत घ्यायचे. अवघ्या ५५ लाखांच्या आसपास वस्तीचा हा देश २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदके घेऊन सगळ्यांच्या पुढे राहिला. तो देश श्रीमंत आहे, आपल्या वस्तीशी त्याची बरोबरी होणार नाही, हे खरे. पण मुलाला सांभाळले म्हणून खेळ मागे पडत नाही, एवढे त्यावरून दिसते. आणि मुलाचे मत विचारायला पैसे लागत नाहीत.

श्रीमंताच्या पोराचा गुडघा मोडला तर त्याच्याकडे दवाखाना आहे, दुकान आहे, दुसरे कॉलेज आहे. मजुराच्या पोराचे शरीर आणि त्याची दहावी हीच त्याची शेती. आपल्या पोरांकडे कमी आहे म्हणून जास्त धोका पत्करावा, हा विचार उलटा आहे. आपल्याकडे कमी आहे म्हणूनच आपण जास्त जपले पाहिजे.

घरचा आणि मंडळाचा हिशोब

आईवडिलांनी काय करावे? आठवड्यातून एकदा मुलाला एकट्याला जवळ बसवून विचारावे, "कुठे दुखतंय का? खेळायला जावंसं वाटतं का?" उत्तर लगेच मिळेल असे नाही, पण विचारीत राहावे. मैदानाच्या कडेला उभे राहून हरलेल्या पोराला चारचौघांत बोलू नये. खेळाचा खर्च वहीत लिहावा. खेळासाठी सावकाराचे कर्ज काढू नये. आणि जेवण बंद करायला सांगणाऱ्या दादाला हात जोडून, पण ठामपणे, नाही म्हणावे.

मंडळाने पाच गोष्टी ठरवाव्यात. एक, दहावी-बारावीच्या मुलांना परीक्षेआधी दोन महिने सामन्यांतून मोकळे करावे आणि त्यांची जागा राखून ठेवावी. दोन, वजनासाठी उपवास नाही. तीन, दुखापत झालेला खेळाडू डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मैदानात नाही. चार, जमलेल्या बक्षिसाच्या रकमेतला ठरलेला वाटा दुखापतींच्या औषधपाण्यासाठी वेगळा ठेवावा आणि त्याचा हिशोब सर्वांना दाखवावा. पाच, सरावानंतर तास-दीड तास समाजमंदिरातच अभ्यास. दादांनी पहाटे दार ठोठावून पोरांना पळवले, तसे रात्री वही उघडायला बसवावे. दादांचे ती पोरे ऐकतात. ही ताकद शाळेच्या मास्तरांकडेही नाही.

१५ जुलै हा कबड्डीमहर्षी शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी मंडळे मैदानाचे पूजन करतात, जुन्या खेळाडूंचा सत्कार करतात. त्याच दिवशी मंडळाने आणखी एक फलक लावावा. गेल्या दहा वर्षांत आपल्याकडे खेळलेली मुले आज काय करतात? किती जणांची दहावी झाली, किती बारावी झाले, किती नोकरीला लागले, किती जणांचा पाय अधू झाला आणि त्यांना भेटायला शेवटी कोण गेले होते? हा फलक लिहिताना हात थरथरला नाही तर ते मंडळ खरे. मग त्याच्या कपाटात एकच ढाल असेना का.

कारण ढाल कपाटात राहते आणि दर भीमजयंतीला पुसून मांडता येते. पोराचा गुडघा मात्र त्याच्याबरोबर घरी जातो, शेतात जातो, भरतीच्या रांगेत उभा राहतो. पुढच्या वेळी मंडळाचा दादा दारात आला तर त्याला आत बोलवावे, चहा द्यावा आणि पोराचे ताट त्याच्यासमोरच वाढावे. तोही कधीकाळी असाच उपाशी खेळलेला असतो. समजावून सांगितले तर त्याला कळेल.